मिठाचा धोंडा

आधी चपला काढा पावणं, आन् तो रेडिओ बंद करा. गवा बगायला आलाय न्हवं? मग जरा गप बसायला शिका. गवा काय वेशीतला मारुती हाय व्हय, कवाबी जावं, घंटा वाजवावी आन् दर्शन घ्यावं? येईल तर येईल. न्हाय आला तर नाचणीची भाकरी खावा, ताक प्या आन् सुखानं घरला जावा. माझं तोंड असंच हाय. आमचे मालक म्हणतात, तुझ्या बोलण्यानं तापलेलं दूध नासंल. नासू दे की! ह्या तोंडानंच सडेवाडीला चार माणसांत आणलंय, विचारा कुणालाबी.

तो समोरचा सडा दिसतोय? सगळा सपाट कातळ, मदी मदी गवत. त्येच्या मदोमद एक काळा धोंडा उलथा पडलाय. जो येतो तो मला विचारतो, "चिमणाबाई, पूर्वी म्हणे गवे त्या धोंड्यापाशी अगदी जवळ यायचे, आता का येत न्हाईत?" आज भाकऱ्या थापून झाल्यात, तर सांगते. तुम्हाला कळावं म्हणून जरा शिस्तीत बोलते.

मी आजऱ्याकडची. माहेरी भाताची खाचरं आन् काजूची झाडं, रान म्हंजे तेवढंच ठाऊक. लगीन होऊन हितं आले आन् पहिल्याच अमावस्येला मामंजी, म्हंजे माझे सासरे आकाराम, म्हणाले, "चल पोरी, तुला आपली थोरली भावकी दाखवतो." मला वाटलं, वरच्या अंगाला कुणी चुलते-मालते ऱ्हात असतील. नवं लुगडं नेसून, कुंकू लावून गेले की मी!

वाडीची रीत अशी हुती. दर अमावस्येला मामंजी मिठाचं गाठोडं घेऊन सड्यावर जायचे. मागनं वाडीतल्या म्हशी, बैल, गाया. धोंड्यावर मीठ पसरायचं, आधी आपल्या जनावरांनी चाटायचं. ती खाली गेली की मामंजी आणखी वंजळभर मीठ टाकायचे आन् म्हणायचे, "ही देवाच्या जनावरांची वाटणी." आज्या-पंज्यापासनं चालत आलेलं. मग आपण कारवीच्या जाळीमागं जाऊन बसायचं आन् दिवस कलायची वाट बगायची.

मी बसले. काय न्हाय, कोण न्हाय. मग रानाच्या कडेची एक सावली जरा हालली. वाऱ्यानं हालली असंल म्हटलं, तर ती सावली बाहेर आली आन् तिला शिंगं हुती. तिच्या मागं दुसरी, तिसरी. काळीभोर अंगं, तेल चोळल्यागत चमकणारी. खांद्यावर ह्यो उंचवटा. कपाळ राखाडी. आन् पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यागत. एवढी मोठी जनावरं, आमच्या घराच्या दारात उभं केलं तर दार दिसणार न्हाय, पण पायाखालचा पाचोळा वाजला न्हाय. मी मामंजींचा हात गच्च धरला. सुनेनं सासऱ्याचा हात धरायची रीत न्हाय आमच्यात, पण तवा रीत कुणाला आठवतीय? डोळ्यातनं पाणी वहायला लागलं. दुःख न्हाय, भीती न्हाय, नुसतं पाणी. मामंजी हळूच म्हणाले, "मलाबी पहिल्यांदा असंच झालतं."

मामंजींचं आन् त्या जनावरांचं एक जुनं दुखणं हुतं. ते आता सांगते, न्हायतर पुढचं कळायचं न्हाय. पूर्वी ह्या रानात शिकारी यायचे. बंदुका घेऊन ते एका तोंडाला बसायचे आन् आमच्या वाडीतल्या माणसांनी डबे बडवत, आरोळ्या ठोकत जनावरं त्येंच्याकडं हाकलून द्यायची. त्येला हाका म्हणायचे. मामंजींचा गळा असा की ह्या डोंगरावर आरोळी ठोकली की त्या डोंगरावरचं जनावर उठायचं. म्हणून हाक्याला पहिलं बोलावणं त्येंना. एकदा त्येंच्या आरोळीवर गव्याची एक गाभण गाय पळत सुटली आन् बंदुकीपुढं पडली. पोटात वासरू हुतं. मामंजी घरी आले, जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी त्या धोंड्यावर हात ठेवून त्येंनी शपथ घेतली, हा गळा परत त्या आरोळीला उघडणार न्हाय. म्हैस लांब गेली तरी ते हाक मारायचे न्हाईत, चालत जाऊन आणायचे.

मग सरकारनं रान राखीव केलं, बंदुका थांबल्या. आमची गुरं चारायची जागाबी आकसली, ते ऱ्हाऊ दे. एक दिवस शहरातली चार माणसं दुर्बीण घेऊन आली, भुकेनं कळवळलेली. मी झुणका-भाकरी घातली, मामंजींनी त्येंना कारवीमागं बसवलं. माघारी आली तवा त्यातल्या एकानं माझ्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. मी म्हटलं, अहो, मी न्हाय दाखवलं, देवानं दाखवलं. तर म्हणाला, भाकरी तर तुम्हीच दिली!

तिथनं बोलबाला झाला. मग मी नेम लावले. गाडी ओढ्याच्या पलीकडंच. जाळीमागं मावतील तेवढीच माणसं, बाकीच्यांनी पुढच्या अमावस्येला यावं. पांढरा सदरा न्हाय, विडी न्हाय, अत्तर न्हाय, बोलणं तर न्हायच न्हाय. एका बाईनं डोक्याला वासाचं तेल लावलतं, तिला मी केसांत चुलीची राख चोळायला लावली. रडली बिचारी. पण गवे बगून आली आन् तशीच राखेनं माखलेली माझ्या गळ्यात पडली. दर खेपेला जेवण वेगळ्या घरात ठेवायचे, म्हंजे पावण्यांचा सगळा पैका एकाच घरात नको. वाडीला बरे दिवस आले. पोरं पोटासाठी मुलूख सोडून जायची थांबली. आन् ह्या सगळ्याच्या मुळाशी तो एक धोंडा.

मदी एक मोठा दुष्काळ पडलता, तो सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. थंडीच्या तोंडाला वाडीत खुरकूत आली. बाजारातनं कुणीतरी नवा बैल आणला, त्येच्याबरोबर आली. जनावराच्या तोंडात फोड उठतात, लाळेच्या तारा लोंबतात, खुरांच्या बेचक्यात जखमा हुतात. वैरण समोर असून खाता येत न्हाय. मामंजींचा तांबड्या बैल तर गोठ्यात बसला तो उठंना. मामंजी त्येच्या तोंडाशी हातानं कण्या धरायचे आन् तो नुसता बगायचा.

गारगोटीहून जनावरांचा डॉक्टर आला, निसार. मूळचा जयसिंगपूरचा, तरणा माणूस, सायकल ढकलत एवढा चढ चढून यायचा आन् मला मावशी म्हणायचा. तांबड्याचा पाय मांडीवर घेऊन तो जखम धुत हुता. धुता धुता विचारलं, "मावशी, ही जनावरं रानात गव्यांच्या वाऱ्याला जात्यात का हो?"

"वाऱ्याला कशाला? एका धोंड्यावर मीठ चाटत्यात की!"

त्येनं तांबड्याचा पाय हळूच खाली ठेवला. "काय म्हणता?"

मी सगळी रीत सांगितली. तशी त्येचं तोंडच उतरलं. "मावशी, ह्या अमावस्येला मीठ घालू देऊ नका. आजारी जनावराची लाळ त्या धोंड्याला लागली आणि मागनं गव्यानं जीभ लावली, तर अख्खा कळप आजारी पडंल. तांबड्याला औषध लावायला मी हाय. गव्याच्या तोंडात औषध कोण लावणार? मोठी जनावरं लंगडी होतील, मग रानकुत्री त्येंना जित्तं फाडतील. आणि वासरं तर उभ्या उभ्या मरतील."

"तुम्ही जावा निवांत," मी म्हटलं. "मी बगते." शब्द दिला. त्येची आई हुसेनबी त्याच अमावस्येला गवे बगायला यायची हुती, तिचं सगळं ठरलेलं. तो म्हणाला, "अम्मा येऊ दे. गवे न्हाय दिसले तरी चालंल. पण मीठ नको."

बगते म्हणणं सोपं हुतं. त्याच संध्याकाळी मामंजींच्या पुढ्यात बसले. "मामंजी, ह्या खेपेला मीठ नगं."

"खुळी का काय तू?" मामंजी म्हणाले. "आगं, रोग आला म्हंजेच देवाची वाटणी कुटंतरी कमी पडली. ह्या खेपेला आख्खं पोतं उलथायचं. आजारी जनावर झाडून सगळं वर न्यायचं. आधी आपल्यांनी चाटायचं, मग थोरल्या भावकीनं. त्येंनी आपल्या जनावरांचं उष्टं खाल्लं की रोग वाटला जातो आन् देव त्यो उचलून नेतो. माझ्या आज्यानं असंच केलतं."

"आन् रोग त्येंनाच लागला तर?"

"देवाच्या जनावराला रोग हुतो व्हय?"

"डॉक्टर सांगून गेलाय, हुतो म्हणून!"

"डॉक्टर काल आला, चिमणे. भावकी माझ्या आज्याच्या आदीपासनं हाय."

त्येंच्या पोटात पाप असतं तर मी त्येंना फाडून खाल्लं असतं. पण हा माणूस गव्यांवर जीव टाकणारा. आपलं दुखणं भावकीत नेऊन ठेवायचं, भावकी ते हालकं करणार, एवढाच त्येंचा हिशेब. सगळी वाडी त्येंच्या बाजूनं. शेजारची धोंडुबाई फणकाऱ्यानं म्हणाली, "पावण्यांना भाकऱ्या वाढून वाढून हिला शानपण आलंय." आन् आमचे मालक खांबाला टेकून सुपारी कातरत बसलेले. म्हटलं, तुम्ही तरी बोला. तर म्हणाले, "ऐकतोय की." ऐकतोय की! देवानं ह्या माणसाला दोन कान दिले आन् तोंड द्यायचं इसरला.

अमावस्या आली. आजारी जनावरं दावं ओढून ओढून उठवली आन् सड्याकडं चालवली. लंगडत, थांबत, फेस गाळत. तांबड्याला मामंजी स्वतः धरून चालले हुते. कातळावर त्येच्या पुढच्या पायाचं रक्त उमटत हुतं. एका जागी मामंजी थांबले, वाकले, त्या रक्ताला बोट लावून बगितलं. मला वाटलं, आता माघारी फिरतील. पण न्हाय. डोळे पुसले आन् पुन्हा चालायला लागले.

धोंड्यावर पोतंभर मीठ उलथलं. एकेका जनावरानं चाटलं. लाळेनं काळा धोंडा चकाकायला लागला. जनावरं खाली गेली, वाडीची माणसं गेली. मी पदर खोचला आन् मीठ लोटायला पुढं झाले, तसे मामंजी आडवे आले. "हात लावशील तर माझं मेल्याचं तोंड बगशील."

ह्या माणसानं मला कवा एका शब्दानं दुखवलं न्हवतं. मी खोचलेला पदर सोडला. मी जाळीमागं जाऊन बसले, मागनं मामंजी येऊन पलीकडच्या कडेला बसले. तिथं हुसेनबी आन् जयसिंगपूरची तीन-चार माणसं आधीच येऊन बसलेली. हुसेनबी म्हातारी, बारकीशी, शाल गच्च आवळून बसलेली. माझ्याकडं बगून हसली. तिच्या लेकाला दिलेला शब्द मला आतनं खात हुता, आन् मी तिच्याकडं बगूबी शकले न्हाय. मनात म्हटलं, देवा, आजच्या दिवस येऊ नको. तुझ्या जनावरांना आज दुसरीकडं ने.

दिवस कलला. कातळ तांबडा झाला. आन् रानाची कड हालली.

तशी मी त्येंना कवाच बगितली न्हवती. एक-दोन न्हवं, सगळा गोतावळा आलता. म्होरं म्हातारी गाय, डाव्या शिंगाचं टोक मोडलेली, ती कळपाची म्होरकी. मागं काळे डोंगर एकामागं एक चालत येतात तसे. मावळतीचा उजेड त्येंच्या पाठीवरनं ओघळत हुता. पायांत बारकी वासरं, तांबूस सोनेरी, आताच न्हाऊ घातल्यागत. माझ्या शेजारी हुसेनबीनं तोंडावर हात ठेवला आन् हळूच "सुभानल्ला" म्हणाली. रोग, मीठ, भांडण, सगळं क्षणभर मीबी इसरले, खरं सांगते. असलं काही डोळ्यांपुढं असलं की माणसाला आपलं नाव आठवत न्हाय.

मग एक वासरू आईच्या पुढं उड्या मारत धोंड्याकडं सुटलं.

माझे पाय कवा उठले मला कळलं न्हाय. मी पळत हुते, ओरडत हुते. मला वाटलतं, बाई किंचाळत आली की पळतील. वासरू तेवढं बिचकून आईच्या पोटाखाली शिरलं. बाकीची हलली न्हाईत. त्या धोंड्यापाशी येणाऱ्या माणसाला ती भ्यायचीच न्हाईत! कळप समोर असतानाबी मामंजी एकटे जाऊन मीठ टाकून यायचे, त्येंनीच ही सवय लावलती. मग मी काय करू? धोंड्यावर पालथी पडले, दोन्ही हातांनी त्येला मिठी मारली. गालाला लाळ लागली, तोंडात मीठ गेलं. "हाल्या, हाल्या," म्हशीला हाकलते तशी हाकलत बसले. म्हातारी गाय एक पाऊल पुढं आली. आणखी एक.

तिचा श्वास माझ्या मानेवर आला, गरम, हिरव्या गवताच्या वासाचा. मी मान वळवून बगितलं. तिचा डोळा माझ्या एवढ्या जवळ हुता, आन् त्या डोळ्यात मी दिसत हुते, एवढीशी, तिळाएवढी. मरणाचं भ्या न्हाय वाटलं. वाटलं, एवढं मोठं देवानं केलं, आन् त्येला आपल्याकडनं नुसतं चिमूटभर मीठ पायजे. तेवढंच मागतंय बिचारं, आन् तेच मी देऊ शकत न्हाय. मी रडत तिला म्हटलं, "नगं गं बाई, नगं खाऊ. इख हाय त्यात." तिनं मान लांब केली. जीभ बाहेर आली. माझ्या कोपरापाशी धोंड्याची कड उघडी हुती, तिथवर आली.

आन् तवा मागनं आरोळी उठली.

मी ती आरोळी त्याआधी ऐकली न्हवती, परत कवा ऐकली न्हाय. माणसाच्या गळ्यातनं असलं काही निघतं यावर माझा इश्वास बसंना. सबंध दरी त्या एका आवाजानं भरली आन् पलीकडच्या डोंगरानं ती माघारी फेकली. मामंजी जाळीतनं बाहेर येऊन उभे हुते, हातातली काठी कातळावर बडवत हुते आन् हाक्याची आरोळी ठोकत हुते. तीच. ज्या धोंड्यावर मी पडलते, त्याच धोंड्यावर हात ठेवून त्येंनी ती सोडली हुती.

म्हाताऱ्या गाईची मान वर गेली. तिनं असा फुत्कार सोडला की माझ्या केसांतनं वारा गेला. आन् सगळा कळप एका दमात वळला. जमीन हादरली हो! धोंडा माझ्या पोटाखाली थरथरत हुता. कारवी कडाकडा मोडली. वासरं मदी घेऊन ती सगळी रानात शिरली, आन् आवाज उताराला लागला, लांब गेला, थांबला.

मामंजी अजून ओरडत हुते. आवाज फाटला तरी ओरडत हुते. शेवटी खाली बसले. मी उठून त्येंच्याकडं निघाले. हुसेनबीनं मला धरलं, आपल्या शालीनं माझं तोंड पुसलं. म्हणाली, "बाई गं, आज मी काय बगितलं हे माझं मला सांगता यायचं न्हाय."

मामंजी म्हणाले, "गेली."

मी म्हटलं, "जगली, मामंजी."

"वासरू म्होरं आलं तवा मला तांबड्याचं खूर दिसलं, पोरी. ते रक्त दिसलं." ते लहान पोरागत हुंदके देत हुते. "पर आता न्हाय यायची. ह्या आरोळीला गेलेलं जनावर त्या जागी माघारी येत न्हाय. आया वासरांना शिकवत्यात, हितं जायाचं न्हाय म्हणून. माझी भावकी तुटली."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला. मीठ खरवडून खड्ड्यात पुरलं. धुण्याच्या सोड्यानं धोंडा घासला आन् पहारी लावून उलथा घातला. पहारीला पहिला हात मामंजींचा, दुसरा आमच्या मालकांचा. हां, त्या दिवशी उठले बरं का मालक! डॉक्टर म्हणाला, "आता वाट बघायची. जाता जाता एखाद्यानं तिथल्या गवताला तोंड लावलं असलं, तर सांगता येत न्हाय."

वाट बगितली. वाडीतली जनावरं बरी झाली, तांबड्याबी उठून वैरण खायला लागला. पण सड्यावर गवा न्हाय. अमावस्या आल्या, गेल्या. पावणे आले, रिकामा सडा बगून गेले, मग यायचे थांबले. चुली पुन्हा अर्ध्या पेटायला लागल्या, पोरं पुन्हा गाठोडी बांधायला लागली. वाडी माझ्याशी बोलंना. पाणवठ्यावर बायका घागर उचलून निघून जायच्या. मला त्येचं काय न्हाय. पण मामंजी रोज दिवस कलला की काठी टेकत जायचे, कारवीमागं बसायचे आन् रिकाम्या कातळाकडं बगायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला हुता, तरी बगायचे. मी माघारी आणायला गेले की एकच विचारायचे, "रोगानं मेली असतील का गं?" त्येंना गवे दिसायला नको हुते. ते जित्ते हायत का, एवढंच त्येंना कळायला पायजे हुतं. आन् मला ते सांगता येत न्हवतं. सगळा पावसाळा ह्या एका प्रश्नानं आम्हा दोघांना पोखरलं.

आता तुम्हाला मी हितं अंगणात का बसवते ते कळलं? सड्यावर न्हाय नेत, मीठ न्हाय टाकत, हाक मारत न्हाय. त्येंना आपल्याकडं ओढून आणायचं न्हाय. ती आपल्या वाटंनं जातील, आपण आपल्या अंगणातनं बगायचं. पावणे आता पुन्हा येतात, पूर्वीपेक्षा कमी, पण शहाणे येतात. त्या पलीकडच्या डोंगरावर, मदल्या सोंडेवर नजर ठेवा. तिथंच ती पहिल्यांदा दिसली.

पुढच्या थंडीत दिसली. मी हितंच शेण सारवत हुते. वर बगितलं तर त्या सोंडेवर गवतात काळे ठिपके. हातातला बोळा टाकून मी पळत सुटले, कारवीमागं मामंजी बसलेले, त्येंना उठवलं, खांद्याला धरून डोंगराकडं वळवलं.

"मामंजी, भावकी!"

त्येंना काय दिसणार? हात कपाळाला लावून त्येंनी नुसतीच मान ताणली. "म्हातारी हाय का?"

"हाय. म्होरंच हाय."

"वासरं?"

"हायत. मोठी झाल्यात."

त्येंनी माझा हात गच्च धरला. सासऱ्यानं सुनेचा हात धरायची रीत न्हाय आमच्यात. "नीट बग चिमणे. लंगडत्यात का?"

मी डोळे पुसून नीट बगितलं. दोन वासरं कळप सोडून उतारावर सुटली हुती, एकमेकांना ढुशा देत, पुढं-मागं. त्येंच्या पायांतले पांढरे मोजे गवतात लकाकत हुते.

"पळत्यात, मामंजी," मी म्हटलं. "पळत्यात."

मामंजींनी माझा हात सोडला आन् घराकडं वळले.

"मग ऱ्हाऊ दे तिकडंच," म्हणाले.